मातीतील दोष आणि विक्रेत्याचे अज्ञान



गेल्या काही महिन्यांत एकाच स्वरूपाचा मसला माझ्यापुढे तीन वेळा आला. विचारणारे वेगळे होते, प्रश्नाचा गाभा मात्र एकच होता. म्हणून त्यांपैकी एक प्रकरण, संबंधितांची ओळख पटणार नाही अशा बेताने, आपल्यासमोर ठेवतो.

शहराच्या एका जुन्या औद्योगिक गल्लीत एका सद्गृहस्थांनी पस्तीस वर्षे प्लेटिंगचा कारखाना चालवला. नळ, हँडल, कुलपे, सायकलींचे भाग त्यांच्याकडे येत आणि निकेल-क्रोमचा मुलामा चढून चकाकत परत जात. त्या कमाईवर घर चालले, मुलांची शिक्षणे झाली, हज घडला. आता ते अल्लाहच्या भेटीस गेले आहेत. गल्लीही ओस पडत चालली आहे. साबणाची भट्टी बंद झाली, साचेवाले बाहेर गेले, उरलेल्या गाळ्यांत भंगार आणि रिकाम्या पिंपांचा धंदा चालतो. अशा वेळी एका बिल्डरने ती जागा मागितली. वारस चार, तीन भाऊ आणि एक बहीण. जागेवर टाक्या झिरपत असत, तेजाबाने फरशी खाल्ली होती, खालची माती पिवळी-हिरवी झाली होती, हे चौघांनीही लहानपणापासून पाहिलेले. त्यांचा प्रश्न असा : आम्ही माती तपासून घेतलेली नाही. तपासली नाही, म्हणून तिच्यात काय आहे हे आम्हांला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते खरेदीदाराला न सांगणे, ही फसवणूक होते काय?

प्रश्न चतुर आहे, परंतु विचारणाऱ्यांना मी चतुर म्हणणार नाही. त्यांच्यावर कर्ज आहे, बहिणीच्या घरी लग्न ठरले आहे, आणि जागेखेरीज वडिलांनी मागे काही ठेवलेले नाही. फतव्यापेक्षा त्यांना दिलासा हवा होता. तो स्वस्तात देणे मला योग्य वाटले नाही. का, ते आता पाहू.

आरंभी एक गल्लत दूर केली पाहिजे. आपल्याकडे जमिनीचा विषय निघाला की विचार तहारतीच्या वाटेने जातो. जागा पाक आहे की नापाक? हनफी फिकहप्रमाणे जमिनीवरील नजासत वाळून तिची खूण, रंग आणि वास नाहीसा झाला की त्या जागेवर नमाज अदा करता येते, मात्र तिथल्या मातीने तयम्मुम होत नाही. आपल्या कोकणी बांधवांच्या शाफिई मतानुसार नुसते वाळणे पुरेसे नाही, पाणी ओतावे लागते. ही चर्चा आपल्या मुलांना मक्तबमध्येच कळते. पण क्रोमियमचे क्षार किंवा निकेल यांना या अर्थाने कोणी नजीस म्हणणार नाही. त्या मातीवर मुसल्ला अंथरून नमाज पढली तर ती होईल. तीच माती भुईतल्या पाण्यात उतरून शेजारच्या बोअरवेलमध्ये गेली, किंवा तिच्यावर खेळणाऱ्या मुलाच्या बोटांवाटे पोटात गेली, तर ती आजार देईल. क्रोमियमचे जे हेक्झाव्हॅलंट रूप प्लेटिंगच्या टाकीत वापरतात, ते कर्करोगास कारणीभूत ठरते हे वैद्यकशास्त्राने निःसंदिग्धपणे मान्य केलेले आहे. सारांश, एखादी जमीन पाक असूनही विषारी असू शकते. शरीयतमध्ये तिचा विचार तहारतीच्या प्रकरणात होत नाही. तो ‘जरर’, म्हणजे इजा, या प्रकरणात आणि खरेदी-विक्रीतील ‘ऐब’, म्हणजे दोष, या प्रकरणात होतो.

ऐबाचा विषय निघताच धान्याच्या ढिगाची ती सुप्रसिद्ध हदीस आठवते. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विचारणा केल्यावर विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, अशी त्याची झडती घेऊन प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. ही हदीस आपण शेकडो वेळा ऐकली आहे, मी स्वतः जुम्याच्या खुत्ब्यात अनेकदा सांगितली आहे. तिच्यातील दोन गोष्टींकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पहिली ही की, विक्रेत्याने धान्य भिजवले नव्हते. ते पावसाने भिजवले. दोष त्याच्या हातचा नव्हता, तरी तो उघड करण्याची जबाबदारी त्याचीच ठरली. तेव्हा ‘हे वडिलांच्या काळात झाले, आम्ही काही केले नाही’ हे म्हणणे खरे असले तरी इथे उपयोगाचे नाही. दुसरी गोष्ट अशी की, प्रेषितांनी (स.) ढिगाचा पृष्ठभाग पाहून निकाल दिला नाही. हात आत गेला. आज मृदातज्ज्ञ जमिनीत नळी उतरवून वेगवेगळ्या खोलीवरची माती काढतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. साधने बदलली, पण कोरड्या थराखाली काय आहे ते पाहण्याची कृती तीच आहे.

यावर आपण म्हणाल, विक्रेत्याने कागदावर स्पष्ट लिहून दिले की ‘जागा आहे त्या स्थितीत विकली, कोणत्याही दोषास आम्ही जबाबदार नाही’, तर? आजकालच्या करारनाम्यांत असे कलम असतेच. फिकहमध्येही याची चर्चा आहे आणि ती मोठी उद्बोधक आहे. हनफी मताप्रमाणे सर्व दोषांपासून मुक्तीची अट घालून केलेली विक्री वैध आहे, दोष एकेक करून सांगितले नाहीत तरी. शाफिई मत बरेच कडक आहे. तिथे या अटीचा लाभ जनावराच्या आतल्या, विक्रेत्याला माहीत नसलेल्या दोषापुरताच मिळतो, जमीन-घराला नाही. म्हणजे हेच भाऊ रत्नागिरीकडचे शाफिई असते तर त्यांच्या कलमाला किंमत उरली नसती. परंतु हनफींनीही हे लक्षात ठेवावे की काझीपुढे सुटणे आणि अल्लाहपुढे सुटणे या दोन बाबी आपल्या फकीहांनी कधीच एक मानलेल्या नाहीत. माहीत असलेला दोष दडवून विकणे हे हनफी ग्रंथांतही हरामच आहे. कलमाने दावा टळतो, गुनाह टळत नाही.

इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मध्ये आलेला एक प्रसंग या जागी मोलाचा आहे. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी दोषमुक्तीच्या अटीवर आठशे दिरहमांना एक गुलाम विकला. खरेदीदाराने त्यात दोष असल्याची तक्रार ह. उस्मान (रजि.) यांच्याकडे नेली. ह. उस्मान (रजि.) यांनी इब्न उमरना सांगितले, विकताना दोष ठाऊक नव्हता अशी शपथ घ्या. त्यांनी शपथ घेण्यास नकार दिला आणि गुलाम परत घेतला. पुढे तो त्यांच्याकडे बरा झाला आणि दीड हजार दिरहमांना विकला गेला. इथे लक्षात घ्या, शपथ मागितली गेली ती ज्ञानाची. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्या वाक्यावर सारा निवाडा अवलंबून होता आणि एवढे एक वाक्य उच्चारण्यास इब्न उमरांसारखा माणूस कचरला.

आता आपले चार वारस. त्यांना ही शपथ दिली तर? क्रोमियमचे प्रमाण आम्हांला ठाऊक नव्हते, असे ते घेऊ शकतील आणि शब्दशः ते खरे असेल. प्रश्न असा आहे की, ते ठाऊक का नव्हते? कारण ते ठाऊक होऊ नये अशी त्यांनी तजवीज केली. अज्ञान सगळे एकाच मोलाचे नसते. एखादी गोष्ट कळण्याचा मार्गच नसतो, तेव्हा न कळणे हे निखळ निमित्त आहे. एखादी गोष्ट कळू शकली असती, पण तिचा संशय यावा असे काही समोर नव्हते, तेव्हाही मनुष्य सुटतो. परंतु खूण डोळ्यांसमोर आहे, विचारायचे कोणाला हे माहीत आहे, खर्चही आवाक्यात आहे, आणि उत्तर गैरसोयीचे येईल म्हणून विचारायचे नाही, या अवस्थेला अज्ञान म्हणणे भाषेवर अन्याय आहे. उसूलच्या ग्रंथांत नवमुस्लिमाचे उदाहरण येते. जिथे इस्लामचे आदेश पोहोचलेच नाहीत अशा प्रदेशात ईमान आणलेल्याचे अज्ञान ग्राह्य धरतात, इस्लामी वस्तीत राहणाऱ्याचे धरत नाहीत. कारण तिथे ज्ञान हाताशी असते, हात पुढे करणे त्याच्यावर असते.

या युक्तिवादावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच ‘मुवत्ता’त असे आहे की, ह. उमर (रजि.) एका काफिल्यासह एका हौदापाशी आले. सोबतच्या ह. अम्र बिन आस (रजि.) यांनी हौदाच्या मालकाला विचारले, इथे हिंस्र श्वापदे पाणी प्यायला येतात काय? तेव्हा ह. उमर (रजि.) यांनी मालकाला उत्तर देऊ नकोस असे सांगितले. म्हणजे न विचारणे हीच इथे दीनची शिकवण झाली! कुरआननेही लोकांची गुपिते हुडकण्यास मनाई केली आहे. मग माती उकरून पाहण्याचा हा सोस कशासाठी?

फरक असा आहे. हौदाच्या बाबतीत मूळ स्थिती पाकीची होती, विरुद्ध खूण दिसत नव्हती, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्याच वजूचा होता. अशा वेळी खोदखोद करणे हा वसवसा. तेच ह. उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्गला पोहोचले आणि पुढे प्लेग पसरल्याची वार्ता आली, तेव्हा त्यांनी ‘आम्हांला सांगू नका’ म्हटले नाही. मुहाजिरांना बोलावले, मग अन्सारांना, मग कुरैशमधील ज्येष्ठांना, सर्वांची मते ऐकली आणि लोकांना घेऊन माघारी फिरण्याचा निर्णय दिला. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी त्यानंतर त्यासंबंधीची हदीस सांगितली, तेव्हा त्यांना समाधान वाटले. खूण उघड आहे आणि इजा दुसऱ्यांना होणार आहे, तिथे चौकशी हे कर्तव्य होते. पिवळी-हिरवी माती ही खूण आहे.

जगातील कायदाही या निष्कर्षाला आला, पण फार मोठी किंमत मोजून. अमेरिकेत नायगारा फॉल्स नावाचे शहर आहे, त्याच्या धबधब्याच्या विजेवर रसायनांचे कारखाने वाढले. तिथे एक अर्धवट खोदलेला जुना कालवा होता, त्याला ‘लव्ह कॅनॉल’ म्हणत. हूकर केमिकल या कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्या कालव्यात सुमारे २२ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि १९५३ मध्ये ती जमीन तेथील शाळामंडळाला दिली. किंमत एक डॉलर. खरेदीखतात कंपनीने नोंदवले की जमिनीत रासायनिक कचरा भरलेला आहे, आणि त्यापासून कोणाला इजा वा मृत्यू झाल्यास आमच्यावर दावा करता येणार नाही. मंडळाने त्यावर शाळा बांधली, ती १९५५ मध्ये सुरू झाली. आजूबाजूला कामगारांची घरे उठली. घरे घेणाऱ्या सामान्य कुटुंबांपर्यंत त्या खतातली ओळ पोहोचलीच नाही. पुढे तळघरांत काळा राळ झिरपू लागला, अंगणांत पिंपे वर आली, गर्भपातांची आणि व्यंगांची चर्चा घरोघरी होऊ लागली. लोइस गिब्ज ही त्या वस्तीतली एक गृहिणी, तिचा मुलगा त्याच शाळेत होता. तिने दारोदार फिरून आजारांची माहिती गोळा केली. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली, टप्प्याटप्प्याने आठशेहून अधिक कुटुंबे हलवावी लागली.

इथे दोष लिहून दिला होता, हे विसरू नका. हनफी दृष्टीने पाहिले तर कंपनी आणि मंडळ यांच्यातील विक्री कदाचित वैधही ठरेल. तरी अन्याय झालाच, कारण ज्यांना विष भोगायचे होते ते त्या व्यवहारात पक्षकार नव्हते. दोष एकाला सांगून दुसऱ्याच्या पदरात टाकणे, याला सांगणे म्हणता येत नाही. या घटनेनंतर १९८० मध्ये तिथे जो कायदा झाला, त्याने प्रदूषित जमिनीच्या सफाईचा भार मालकांवर टाकला. पुढे १९८६ आणि २००२ च्या दुरुस्त्यांनी नव्या खरेदीदाराला काही संरक्षण दिले, परंतु एका अटीवर. त्याने घेण्यापूर्वी जागेच्या इतिहासाची योग्य ती सर्व चौकशी केलेली असली पाहिजे. म्हणजे ज्याने शोध घेतला, त्याचेच ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य न्यायालय ऐकते. आपल्या फकीहांना हे पटले असते असे मला वाटते.

चौकशी म्हणजे नेमके काय, हेही थोडक्यात सांगतो, कारण नुसत्या नावाने लोक घाबरतात. पहिल्या टप्प्यात माती उकरतही नाहीत. जुने परवाने, नकाशे, वीजबिले पाहतात, जुन्या कामगारांना विचारतात की टाक्या कुठे होत्या, धुण्याचे पाणी कुठे जायचे, गाळ कुठे टाकत. संशयाच्या जागा ठरल्या की तिथे भोके पाडून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेतात, भूजल पाहतात. मग जागेचा पुढे उपयोग काय, यावरून उपाय ठरतो. गोदामाच्या काँक्रीटखाली जे सोसेल ते मुलांच्या मैदानाखाली सोसणार नाही. लहान प्लेटिंग कारखान्यात बहुधा टाक्यांखालचा आणि मोरीजवळचा भागच फार बिघडलेला असतो. ती माती काढून घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणी नेता येते, किंवा लोहाचे क्षार मिसळून क्रोमियमचे विषारी रूप कमी विषारी रूपात बदलता येते. खर्च होतो, पण कित्येकदा तो जागेच्या किमतीपुढे फार मोठा नसतो.

आपल्या देशात याविषयीचा स्वतंत्र नियम फार उशिरा आला. केंद्राने २०२५ च्या जुलैत प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जाहीर केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची, तिची छाननी व्हायची, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, असा त्याचा आराखडा आहे. यादीवर आलेल्या जागा देशभरात शंभराच्या आसपास आहेत. आपल्या गल्लीतला गाळा त्या यादीत कधी येईल याची वाट पाहणे, हा माझ्या मते पुन्हा डोळे मिटण्याचाच एक प्रकार आहे.

यात आपल्या समाजाचाही हिशेब आहे. वेल्लोर भागात, पालार नदीच्या काठी, वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट ही चामड्याच्या व्यवसायाची गावे. त्या व्यवसायात मुस्लिम व्यापाऱ्यांचा वाटा मोठा. तिथल्या टॅनऱ्यांच्या सांडपाण्याने शेते आणि विहिरी खारावल्या, विषारी झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्या प्रकरणात जो निकाल दिला, त्यातून ‘घाण करील त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्यात पक्के झाले. तत्त्व आपल्या दीनला नवे नव्हते, तरी ते आपल्याला न्यायालयाकडून ऐकावे लागले. ह. शुऐब (अ.) यांच्या कौमला कुरआनने माप-तोलातील लबाडी आणि जमिनीवरील बिघाड या दोन गोष्टींपासून एकाच ठिकाणी रोखले आहे. व्यापार आणि भूमी यांचे नाते त्याहून स्पष्ट कसे सांगावे?

आता दुसऱ्या बाजूचे एक दुखणे. त्या भावांतील मधल्याने मला विचारले, मौलाना, आम्ही तपासले आणि विष निघाले, तर अख्ख्या गल्लीचे नाव खराब होईल. बिल्डर पळेल, शेजाऱ्यांच्या जागाही पडून राहतील, आणि जे गरीब तिथे भाड्याने राहतात ते त्याच मातीवर राहतील. मग सांगण्याने भले कोणाचे झाले? हा प्रश्न मला खरोखर जड गेला. ओसाड पडणाऱ्या वस्तीत पैसा येणे ही तिथल्या लोकांची गरज असते, केवळ मालकांची हाव नसते. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेल्या तेव्हा मदनपुऱ्यातल्या विणकर घरांनी हे भोगले आहे. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींची तीन वाट्यांत विभागणी ठरवली, २००१ मध्ये तो नियम बदलला, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्या साऱ्या काळात कामगाराच्या हाती फारसे काही आले नाही. तेव्हा ‘बांधकाम थांबेल’ ही भीती मी हसण्यावारी नेत नाही.

परंतु न सांगितल्याने काय होते, तेही पाहावे. भोपाळ आठवा. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्रीचा वायू सर्वांना ठाऊक आहे. त्याच युनियन कार्बाइडच्या आवारात आणि बाहेरच्या बाष्पीभवन तलावांत वर्षानुवर्षे टाकलेला रासायनिक कचरा तितकासा ठाऊक नाही. जुन्या भोपाळच्या त्या बाजूला गरीब वस्त्या, त्यांत आपले बांधवही पुष्कळ. लोक हातपंपाचे पाणी पीत राहिले. सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश द्यावा लागला, आणि बाधित वस्त्यांची संख्या पुढच्या तपासण्यांत वाढत ४२ वर गेली. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसह २०१० मध्ये अंदाज दिला की तिथली ११ लाख टन माती प्रदूषित आहे. आवारात साठवलेला ३३७ टन कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून पीथमपूरला नेला आणि वर्षाच्या मध्यापर्यंत जाळला. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. आपल्या फिकहचा एक कायदा असा आहे की इजा दूर करायची ती तशाच दुसऱ्या इजेने नव्हे. पीथमपूरकर हेच तर म्हणत होते. आणि ३३७ टन गेले तरी ११ लाख टन जिथल्या तिथे आहेत. न बोलता गेलेल्या वर्षांनी त्या वस्तीचे नाव वाचवले नाही, पाणी मात्र घालवले.

म्हणून मधल्या भावाला माझे उत्तर असे होते की, गल्लीचे नाव अहवालाने बिघडत नाही, टाकीने आधीच बिघडवले आहे. अहवाल हाती असेल तर किंमत कमी करून, सफाईची अट घालून व्यवहार होऊ शकतो. बिल्डर पळणारच नाही याची हमी मी देऊ शकत नाही, तशी मी त्यांना दिलीही नाही.

पडीक जमिनीला जीवदान देणाऱ्याचा त्या जमिनीवर हक्क, ही हदीसची शिकवण आपण जाणतो. इमाम अबू हनीफा (रह.) त्यासाठी शासकाची परवानगी आवश्यक मानतात, त्यांचे दोन्ही शिष्य व इमाम शाफिई (रह.) मानत नाहीत. पण ती ‘मवात’ जमीन बिनमालकीची, निसर्गतः निर्जीव. आपल्यासमोरची जमीन मेलेली नाही, मारलेली आहे, आणि कोणी मारली हे ठाऊक आहे. तिचा पुनर्विकास करताना प्रेषितांच्या (स.) मशिदीची जागा डोळ्यांपुढे ठेवावी. मदीनेतील त्या जागेत मुश्रिकांच्या जुन्या कबरी होत्या, पडीक अवशेष होते, खजुरीची झाडे होती. ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. ते फुकट देत होते, प्रेषितांनी (स.) किंमत देऊन घेतली. मग कबरी उकरून हलवल्या, अवशेष सपाट केले, आणि त्यानंतर बांधकाम सुरू झाले. खाली जे होते ते झाकून वर भिंत चढवली नाही.

इथे मला एका वेगळ्याच धोक्याकडे आपले लक्ष वेधायचे आहे. थोरल्या भावाने शेवटी एक तोडगा सुचवला : विकण्याचा गुंताच नको, जागा मक्तबसाठी वक्फ करून टाकू. हेतू नेक होता. मी मात्र त्याला लव्ह कॅनॉलच्या त्या एक डॉलरची गोष्ट सांगितली. तिथेही जमीन जवळजवळ दानच दिली होती आणि तिथेही तिच्यावर मुले शिकायला बसली. अल-बकरामध्ये सदक्याविषयी जो आदेश आहे त्याचा आशय असा की, खर्च करण्यासाठी निकृष्ट तेवढे निवडू नका, जे स्वतःला कोणी दिले तर तुम्ही डोळे मिटल्याखेरीज घेणार नाही. आपल्या शहरांतील कित्येक मशिदी-मदरशांच्या कमिट्या मिळेल ती जागा कृतज्ञतेने स्वीकारतात. माझी त्यांना विनंती आहे, आधी तिथे काय चालत होते ते विचारा. जुन्या रंगाच्या, बॅटरीच्या, प्लेटिंगच्या, कातड्याच्या जागेवर लहान मुलांना बसवण्यापूर्वी माती तपासून घ्या. दात्याचा अवमान होईल म्हणून गप्प राहू नका.

राहिला खर्चाचा प्रश्न. तपासणीचा खर्च कोणाच्या वाट्यातून? बहिणीचे म्हणणे होते की कारखाना भावांनी पाहिला, तिने त्यातून काही घेतले नाही. तिचे म्हणणे वाजवी आहे, पण हा खर्च कोणा एकाच्या वाट्यातून जात नाही. वारसाहक्काची वाटणी मृताचे कर्ज फेडल्यानंतर होते, हे अन्-निसामध्ये स्पष्ट आहे. हनफी ग्रंथांत एक नेहमीचे उदाहरण येते. कोणी वाटेत विहीर खणली आणि मरण पावला, त्यानंतर कोणाचे जनावर तिच्यात पडून मेले, तर भरपाई त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून द्यावी लागते, कारण इजेचे कारण त्याने जिवंतपणी उभे केले होते. जमिनीत उतरलेला तेजाब हा मला तसाच वाटतो. तेव्हा तपासणी आणि आवश्यक ती सफाई ही एकत्र मालमत्तेवरचे देणे समजावी, ते भागल्यावर जे उरेल त्याची वाटणी करावी, बहिणीचा वाटाही त्यातूनच. वडिलांच्या मगफिरतीसाठी मुले जे करू पाहतात, त्यांत याचीही गणना व्हावी, ही माझी दुआ.

धाकट्या भावाने जाता जाता विचारले की अहवाल आला तर तो फक्त बिल्डरला दाखवायचा ना? भिंतीपलीकडे सात-आठ खोल्यांची चाळ आहे, तिथे एक बोअर आहे. बिल्डर तो अहवाल पाहून व्यवहार सोडू शकतो, किंमत पाडू शकतो, त्याच्यापाशी वकील आहे. चाळीतल्यांना यांतले काहीच करता येत नाही, ते रोज ते पाणी भरतात. म्हणून नमुना घेणाऱ्याला पहिले भोक पाडण्याआधी त्या बोअरचे पाणी बाटलीत भरून घ्यायला सांगा, आणि निकाल आला की आधी त्या दारावर जा, असे मी त्याला सांगितले. त्याने चाळीच्या मालकाचा नंबर माझ्यासमोरच फोनमध्ये शोधायला घेतला.